मागच्या गोळ्यातले तेल

अख्ख्या खानदेशात, तापीचे दोन्ही काठ धरून, लॉरीच्या मागच्या गोळ्यात कोणते तेल घालावे हे ज्याला खरोखर कळते असा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. मी जळगावला एका जिनिंग कारखान्यात हिशेब पाहतो. ठोकून द्यायची मला सवय नाही. सोपी बेरीजही मी दुसऱ्यांदा खालून वर करून पाहतो. वरचे विधानही तसेच दोन्ही बाजूंनी तपासले आहे आणि ते टिकते.

ज्यांनी लॉरीखाली कधी डोकावले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, आसावर, लोखंडाचा एक फुगवटा असतो. इंजिनाकडून आलेला फिरता दांडा त्यात शिरतो आणि आतली दातेरी चाके तो फेर दोन्हीकडच्या चाकांना वाटून देतात. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात. माझे साडू, ज्यांना सारे अमळनेर नाना म्हणते, त्याला नुसते ‘गोळा’ म्हणतात, आणि तेही अशा आवाजात की घरात कुणी वडीलधारे माणूस झोपलेले असावे. इंजिनाबद्दल त्यांना फारसा आदर नाही. “भाऊसाहेब,” ते मला म्हणत, “इंजिन पुढं असतं, ओरडतं, धूर सोडतं, म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. ओझं ओढतो तो गोळा. तो मागं असतो, खाली असतो, चिखलात असतो. त्याला विचारतं कोण?” नाना विचारत. रोज सकाळी चहाच्या आधी विचारत.

त्यांची स्वतःची लॉरी एकच. अमळनेरहून सरकी आणि पेंड भरून ती धुळ्याला, शिंदखेड्याला जाई. तिच्या गोळ्यातल्या तेलाची परीक्षा करण्याची नानांची पद्धत अशी: अंगठा आणि तर्जनी तेलात बुडवायची, चोळायची, मग बोटे सावकाश फाकवून उन्हात धरायची. मध्ये तार सुटली पाहिजे. तार लगेच तुटली तर तेल पातळ. फार लांबली तर हिवाळ्यात सकाळी आतल्या आत घट्ट होऊन बसणार. हीच बोटे दिवाळीत लाडवांच्या पाकातही चालत. अक्का, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण आणि नानांची पत्नी, झारा उगारून ओरडे, “आधी हात धुऊन या!” पण पाक उतरवायची घटका तीही त्यांच्याच बोटांना विचारून ठरवी, आणि तिचे लाडू कधी बिघडले नाहीत.

नाक तर विचारूच नका. अमळनेरला शिरताना, वारा समोरून असला, की आज गिरणीत शेंगदाणा चालू आहे की सरकी, हे ते वेशीबाहेरूनच सांगत. एकदा माझ्या घरी आले असता त्यांनी माझ्या डोक्याजवळ वाकून वास घेतला आणि दुकानदार मला खोबरेलात काय मिसळून देतो ते सांगितले. त्या दिवसापासून माझ्या पत्नीने दुकान बदलले. मी मात्र नाना आले की टोपी काढत नाही.

होळीच्या आदल्या दिवशी गोळ्यात घट्ट तेल, दिवाळीला त्याहून पातळ, हा त्यांचा नेम. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगायला नको. वैशाखात डांबर टायरला चिकटून येते, तिथे तेलाची काय कथा. नरकचतुर्दशीला घरात पहिले अभ्यंग लॉरीचे. तेही थंड्या गाडीचे नाही. आधी ती बोरी नदीपर्यंत नेऊन आणायची, म्हणजे तेल गरम होऊन तळाचा गाळ घेऊन खाली येते. ते तेल अक्काच्या पुरणाच्या फडक्यातून गाळायचे, फडक्यावरून लोहचुंबक फिरवायचे आणि चिकटलेली पोलादाची कणी भिंगातून पाहायची. बारीक भुकटी असली तर नाना समाधानाने मान डोलावत. चपटा कपचा सापडला तर त्या दिवशी फराळाला हात लावत नसत. पुरणाची फडकी अक्काने अखेर कुलपात ठेवायला सुरुवात केली.

लढाईच्या वर्षांत चांगले तेल बाजारातून नाहीसे झाले. लोक गोळ्यात मिळेल ते ओतू लागले. गिरणीवाले एक शेजारी नानांना म्हणाले, “एरंडेल घाला की. आपल्या गावात काय तोटा?” नाना म्हणाले, “एरंडेल वाईट नाही. आत काशाचं चाक असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण माझ्या गोळ्यात पोलादी दात आहेत, आणि आधीचं खनिज तेल आहे. त्यात एरंडेल म्हणजे दुधात लिंबू पिळून पिण्यासारखं. एकमेकांत मिसळणार नाहीत, भांडत बसतील. दात झिजतील ते माझे.” पुढच्या होळीसाठी म्हणून त्यांनी योग्य तेलाचा एक सीलबंद डबा देवघरात, देवांच्या मागे, जपून ठेवला होता. देवांना नमस्कार करताना त्यांची नजर थोडी उंच असे.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलीचे, कमळचे, लग्न ठरू लागले. मुलगा धुळ्याचा, शांत, कष्टाळू; वडिलांच्या दोन लॉऱ्या होत्या आणि एक तो स्वतः चालवी. एकमेकांना पसंती झाली होती. कमळ त्या घराचे नाव निघाले की उठून आत जाई, यातच सगळे आले. उरली होती फक्त बोलणी आणि नारळ. अक्काला एकाच गोष्टीची धास्ती होती. धुळ्याला निघताना तिने नानांना देवासमोर उभे केले. “त्यांच्या गाड्यांकडे बघायचंसुद्धा नाही. वाकायचं नाही. बोट लावायचं नाही. माझ्या पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.” नाना म्हणाले, “नाही बघणार.” माझ्याकडे वळून अक्का म्हणाली, “भाऊजी, तुम्ही यांच्याशेजारी बसा.” एवढ्यासाठीच मला नेले होते.

धुळ्याला सारे उत्तम झाले. भरीत, कळण्याची भाकरी, वर ताजे लोणी. मुलाचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, भारदस्त आणि मोकळे गृहस्थ होते. जेवणानंतर विडे आले आणि आबांनी अंगणाकडे हात केला. “ही तिसरी गाडी परवाच घेतली. जुनी आहे, पण बघा तरी. पलीकडच्या तालुक्यातला दलाल, पण माणूस सच्चा निघाला. एवढी चाललेली गाडी, आणि मागून चकार शब्द नाही!” त्यांच्या ड्रायव्हरने ती लॉरी आमच्यासमोर अंगणात मागेपुढे करून दाखवली. खरोखर, लोण्यासारखी चालली.

नानांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घातले. मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. ते हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, या वयात इतकी गप्प?”

“नाना, अक्का बघतेय.”

“जुन्या गाडीनं थोडं कण्हायलाच हवं. ही कण्हत नाही, म्हणजे हिचं तोंड कुणीतरी बांधलंय.”

एवढ्यात आबा म्हणाले, “उद्या सकाळी कापसाच्या गासड्या भरून लळिंगच्या घाटानं पाठवतोय. आपला चिरंजीवच नेतोय. नवी गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही म्हणतो.”

नाना उठले. “पान थुंकून येतो,” म्हणाले. मी त्यांच्या मागे जायला हवे होते. पण तेवढ्यात आबांनी मला कापसाचे भाव विचारले, आणि त्या विषयावर मला कुणी विचारले की मी थांबत नाही. अंगणातून ड्रायव्हरची आरोळी आली तेव्हा कुठे थांबलो. “ओ नाना! गाडीना खाले काब्र घुसनात?”

सगळे बाहेर धावलो. लॉरीच्या मडगार्डवर नानांचा जरीचा फेटा नीट ठेवलेला होता आणि लॉरीखालून त्यांचे दोन पाय, नव्या धोतरासकट, बाहेर आले होते. अक्काने तोंडाला पदर लावला. मग नाना सरपटत बाहेर आले. गोळ्याच्या बाजूचा बोल्ट काढून त्यांनी आत बोट घातले होते. ते बोट त्यांनी चोळले, उन्हात धरले. तार सुटली नाही. त्यांनी वास घेतला, आणि मग ते बोट सरळ आबांच्या नाकासमोर धरले.

“आबा, केळं.”

“काय?”

“पिकलेली केळी आणि लाकडाचा भुसा. दात झिजलेत, आवाज येऊ नये म्हणून दलालानं कोंबलंय. घाटात भरल्या गाडीला हे दात तुटतील. मग इंजिन चालू राहील आणि गाडी मागं येईल.”

आबांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, स्वतःच्या अंगणात. “माझ्या दारात येऊन माझ्या गाडीला नावं ठेवता? तीस वर्षं गाड्यांच्या धंद्यात आहे मी!” मागून मुलाची आई म्हणाली, “हे मुलगी द्यायला आलेत की गाडी तपासायला?”

नाना फेटा उचलत होते. त्यांनी तो परत खाली ठेवला. “बाई, मुलगी द्यायला आलोय,” ते म्हणाले, “म्हणूनच तपासतोय.”

मुलगा, जो तोवर एक अक्षर बोलला नव्हता, तो आत गेला आणि पाना व घमेले घेऊन आला. वडिलांकडे न पाहता त्याने तळाचा बोल्ट उघडला. बराच वेळ काहीच आले नाही. मग घमेल्यात एक काळपट, धाग्याधाग्यांचा गोळा थपकन पडला. ड्रायव्हर वाकून म्हणाला, “आबा, हाई ते शिकरण शे!”

कुणी हसले असते तर बरे झाले असते. आबा घमेल्याकडे पाहत राहिले आणि आत निघून गेले. नारळ ताटातच राहिला. परतीच्या वाटेवर अक्का नानांकडे पाठ करून बसली. नाना एकदाच बोलले: “उद्या तर गाडी नेणार नाहीत ना आता?” मी म्हटले, “नाही नेणार.” मग त्यांनी डोळे मिटले. कमळने घरी आमचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता पाण्याचे तांबे आणून ठेवले. तिच्याकडे पाहणे त्या संध्याकाळी मला तरी जमले नाही.

दुसऱ्या सकाळी देवांच्या मागचा डबा दिसेना. नाना तो मांडीवर घेऊन पहिल्या मोटारीने धुळ्याला गेले होते. आबा भेटले नाहीत. नानांनी मुलाला हाताशी घेतले, गोळा घासलेटने धुतला, दात कापडाने पुसले, आणि डब्यातले तेल बाजूच्या बोल्टाच्या भोकाच्या काठाला लागेपर्यंत ओतले. त्यावर एक थेंब नाही. “जास्त झालं की ब्रेकात उतरतं,” त्यांनी जावयाला सांगितले. जावई म्हणायचा हक्क अजून नव्हता, पण ते मनातल्या मनात म्हणत होते. “आता ही कण्हेल. कण्हू दे. ओझं निम्मं भर, घाटात घाई करू नकोस. कण्हणं एकदम थांबलं तर तूही थांब.” रिकामा डबा तिथेच सोडून ते परत आले. होळीला त्यांच्या स्वतःच्या लॉरीला घालायला तेल उरले नव्हते. मिळेल ते घालून ती चालवणे त्यांना मान्य नव्हते. सगळा उन्हाळा, ऐन सरकीच्या दिवसांत, ती लॉरी लिंबाखाली उभी राहिली. नाना तिच्याजवळ जाऊन म्हणत, “थांब बाई जरा.”

आठवडा गेला, धुळ्याहून शब्द नाही. अक्का देवघरातल्या त्या रिकाम्या जागेकडे पाही आणि ती जागा पुसत बसे. मग एका दुपारी आबांचा ड्रायव्हर दारात उभा राहिला, हातात तोच डबा. आपल्याकडे दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. डबा घासूनपुसून लख्ख केला होता, त्याला हळदीकुंकवाची बोटे लावली होती. झाकण काढले तर आत खडीसाखर, त्यावर नारळ. आणि नारळावर, अगदी वर, एक मोठे पिवळेधमक केळे.

अक्का रडली. नानांनी केळे सोलले, निम्मे कमळला दिले. “चांगलं आहे,” म्हणाले, “भुसा नाही.”

त्याला कितीतरी वर्षे झाली, पण आबांची ती लॉरी अजून चालते, आणि कण्हतच चालते. नानांची लॉरी मात्र केव्हाच गेली. नानांचे नाक अजून शाबूत आहे, कान गेले. दर होळीला जावई कमळला आणि मुलांना घेऊन त्याच गाडीतून अमळनेरला येतो. यंदा मीही होतो. नाना ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. लॉरी वळणावर आली तेव्हा त्यांनी तळहात ओट्याच्या फरशीवर सपाट ठेवला, डोळे मिटले, आणि मला विचारले, “भाऊसाहेब, हाताला काही लागत नाही. तुम्ही ऐका. कण्हतेय?”

मी ऐकले. मागून, खालून, बारीक, एका सुरात.

“कण्हतेय, नाना.” त्यांना ऐकू जाईल अशा मोठ्याने मी सांगितले.

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. आणि लेकीला सामोरे जायला भिंतीचा आधार घेत उठले. उठताना तेही थोडेसे कण्हले.