चार शेळ्यांचा साहेब

दवाखान्यात वजनकाट्यावर उभा राहिलो आणि डॉक्टरांनी आकडा सांगितला, की ती केस आजही माझ्यासमोर येऊन उभी राहते. डॉक्टर किलोत सांगतात, मी मनातल्या मनात शेळ्यांत मोजतो. असे का, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. नाव कोणाचेच देणार नाही. ती माणसे अजून त्याच वाडीत राहतात आणि त्यांनी तेव्हा पुरेसे भोगले आहे.

करोनाची दुसरी लाट होती. महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. निम्मा स्टाफ कशेडी घाटाच्या नाकाबंदीवर, ट्रकवाल्यांचे पास तपासायला. उरलेल्यातले काही विलगीकरणात. ठाणे अंमलदार दर तासाला टेबल सॅनिटायझरने पुसायचा आणि त्यात स्टेशन डायरीतली शाई पसरायची. चोऱ्यामाऱ्या जवळजवळ बंद होत्या. चोरांनाही जिवाची भीती होतीच की.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रुग्णालयातून फोन आला. संशयित विषबाधा, सत्तरीचा पुरुष, बेशुद्ध. अशी केस आली की डॉक्टरने पोलिसांना कळवायचेच असते. मी हवालदाराला आणि एका महिला शिपायाला घेऊन निघालो. हवालदार जवळच्याच नाते नावाच्या गावचा, या भागाची खडान्‌खडा माहिती असलेला, अंगाने काटकुळा आणि तोंडाने तिखट.

डॉक्टर तरुण होता. प्लास्टिकच्या पोशाखात घामाने निथळत होता. म्हणाला, "ओकाऱ्या झाल्यात, तोंडातून लाळ, पाय लटपटत होते म्हणे. आता झटके येतायत. फवारणीच्या औषधाचा वास नाही. करोनाची चाचणी निगेटिव्ह आहे. पोटात काय गेलंय तेवढं मला शोधून द्या, साहेब. नाहीतर मी अंधारात चाचपडतोय."

म्हाताऱ्याला वाडीतून डोली करून रस्त्यापर्यंत आणि तिथून पिकअपने आणले होते. आणणारे दोघे पेशंटला फाटकात उतरवून गायब झाले होते. उरली होती ती फक्त सून. तिशीतली बाई, तोंडाला पदर, नजर जमिनीवर. नवरा मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला आणि लॉकडाऊनमुळे तिकडेच अडकलेला.

तासाभरात म्हाताऱ्याची लेक येऊन पोहोचली. खालच्या गावात दिलेली. आल्या आल्या तिने भावजयीकडे बोट केले. "सायेब, हिनंच घातलान काय तरी माज्या बापाला! हिला मुंबयला जायचं होतं नवऱ्याकडं. म्हातारा जाव देत नव्हता. आठ दिवसांमागं दोघांचं भांडान झालंन, सगळ्या वाडीनं आयकलान."

मी सुनेकडे पाहिले. ती नाही म्हणेना. भांडण झाले होते का, विचारले, तर मान हलवून हो म्हणाली. आता सांगा, मी काय समजावे?

ठाण्यात आणून तिची चौकशी सुरू केली. अटक केली नव्हती. महिला शिपाई शेजारी बसलेली.

"सकाळी काय दिलंस त्यांना?"

"चाय. भाकरी."

"आणखी?"

तिने पदराचे टोक मुठीत आवळले.

"त्यांना काही आजार होता? ताप, खोकला?"

तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली आणि भराभर म्हणाली, "नाय, नाय. वाडीत कुनाला काय नाय."

मी वाडीचे विचारलेच नव्हते. तीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला हे तिथल्या तिथे खटकायला हवे होते. पण माझ्या डोक्यात सासरा, सून आणि भांडण एवढेच पक्के बसले होते. मी आवाज चढवला. तोंड उघडायला लावायचे मार्ग आम्हाला माहीत आहेत, असेही काहीतरी बोललो. लिहितानाही लाज वाटते, पण बोललो हे खरे आहे.

महिला शिपायाने आतल्या खोलीत तिची झडती घेतली. पदराच्या टोकाला एक घट्ट गाठ होती. त्यात निघाले निळ्या प्लास्टिकचे एक बूच. बाटलीचे असते तसे, झाकणाच्या आत खुणेची रेघ असलेले. शिपाई मला येऊन म्हणाली, "साहेब, इतका वेळ डोळ्यांतून टिपूस नव्हतं. बूच काढून घेतलं तशी ढसाढसा रडली. म्हणते, हे कुनाला देव नका."

मला वाटले, सापडली. विष मोजलेले बूच पदरात आणि पोलिसांच्या हाती लागले म्हणून रडणे, यापेक्षा आणखी काय हवे? पंचांसमक्ष बूच पाकिटात सीलबंद केले. लेकीची फिर्याद संगणकावर लिहून तयार झाली, खुनाच्या प्रयत्नाची. तिची सही झाली की गुन्ह्याला नंबर पडणार आणि सून आत जाणार.

सही त्या दिवशी झाली नाही. त्याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. प्रिंटर बिघडला होता आणि लॉकडाऊनमुळे दुरुस्तीवाला येत नव्हता. मी लेकीला म्हटले, उद्या घराचा पंचनामा करून येतो, मग सही करा. सुनेला महिला शिपायाबरोबर रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसवले. ती कुठे पळणार होती? तिची नजर सासऱ्याच्या वॉर्डाच्या दारावरून हलतच नव्हती. हे शिपायाने मला सांगितले, पण मी तेही कानामागे टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी चढलो. दहा-बारा घरे. दारे लोटलेली. आतून खोकल्याचे आवाज आणि आम्ही दिसलो की तेही बंद. घरात चहाची भांडी, पिठाचा डबा, चुलीजवळची एक जुनी रिकामी बाटली एवढे जप्त केले. बाटलीवर शेळीचे चित्र होते. शेळ्या पाळणाऱ्याच्या घरात शेळीचे औषध असणारच, म्हणून मी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितले नाही.

शेजारच्या पडवीत एक म्हातारी वाल सोलत बसली होती. पंचनामा चालू असताना ती माझ्याकडे टक लावून बघत होती. वरून खाली, खालून वर. शेवटी स्वतःशीच म्हणाली, "ह्यो सायेब चार शेळ्यांचा हाय."

हवालदार उसळला. "ए आजी, साहेबांना काय बोलतेस?"

"वंगाळ काय बोललं रे? अंगानं म्हनते. तू अडीच शेळ्यांचा हाईस. लय झालं तर."

मला हसू आले. म्हटले, "आणि आजी, तू किती शेळ्यांची?"

"मी दोन पन नाय. दीड."

"हे कोणी मोजलं?"

"त्यानंच," तिने म्हाताऱ्याच्या घराकडे हनुवटी केली. "सगळी वाडी मापलान त्यानं." आणि एवढे बोलून तिने जीभ चावली. हातातला वाल तसाच राहिला.

माणसे मापायची, आणि तीही शेळ्यांत? माणसाचे वजन शेळीत कोण करतो आणि कशासाठी? चुलीजवळची शेळीच्या चित्राची बाटली आणि पदरातले बूच मला एकदम आठवले. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. मास्कच्या आतून शक्य तितक्या मऊ आवाजात विचारले, "आजी, एका शेळीला किती बुचं?"

तिने हातातला वाल खाली ठेवला. मग म्हणाली, "येक. गाडी आनू नका सायेब. तेवढं करा."

गाडी म्हणजे करोनाचा संशय आला की माणसे उचलून नेणारी आरोग्य खात्याची गाडी. मी शब्द दिला. मग एकेक धागा सुटत गेला.

दरवर्षी पावसाआधी ही वाडी शेळ्यांना जंताचे औषध पाजते. सगळ्या वाडीत मिळून एक बाटली आणि एक बूच. पाजायला हा म्हातारा, कारण जनावरातले त्यालाच कळते. त्या उन्हाळ्यात मुंबईहून कोणाच्या तरी फोनवर निरोप आला की याच जंताच्या औषधाने करोना मरतो. बाटलीवरचे नाव आणि निरोपातले नाव सारखेच निघाले. माणसांच्या गोळ्या बाजारात मिळेनात. मग म्हाताऱ्याने सगळ्यांना अंगणात उभे केले, प्रत्येकाला काखेत हात घालून उचलून पाहिले आणि ठरवून टाकले, हा तीन शेळ्यांचा, ही दोनची. जितक्या शेळ्या तितकी बुचं. लोक याला वेडेपणा म्हणतील. मला तो तेव्हाही वेडेपणा वाटला नाही. डॉक्टर दारात यायला तयार नव्हता, तेव्हा त्या माणसांनी जवळ होते तेवढे ज्ञान पणाला लावले होते.

ती बाटली संपली. दुसरी आणायला सांगितली ती एका पिकअपवाल्याने घाटापलीकडून आणली. नाव तेच, पण चित्र गाईचे. छोटी, रबरी तोंडाची, मोठ्या जनावरांना सुईने द्यायच्या औषधाची. तिला बूच नव्हतेच. यांनी जुनेच बूच वापरले.

"बाटली कुठे आहे?"

"माज्या तांदळाच्या डब्यात," म्हातारी म्हणाली. "आमाला वाटलं म्हातारा करोनानंच पडला. काल आमीच घेनार हुतो. पन बूच कुठं हाय? ते तिनं न्हेलान."

मी बाटलीवरची बारीक अक्षरे फोनवर डॉक्टरला वाचून दाखवली. नाव आणि प्रमाण त्याने दोनदा वाचायला लावले. मग तो म्हणाला, "साहेब, हे शेळीच्या औषधापेक्षा कित्येक पट तीव्र आहे. अजून कोणी घेतलंय?" मी दारोदार फिरून विचारले. कोणीच घेतले नव्हते. मोजायला माप नव्हते ना.

रुग्णालयात परत आलो. सून व्हरांड्यात त्याच जागी होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटले, "बाटली सापडली. बूच माझ्याकडे आहे. वाडीत कोणीही घेतलेलं नाही. गाडीही येणार नाही."

तिने भिंतीला डोके टेकले आणि बोलायला लागली. "नवीन बाटली, म्हनून मामंजी बोलले, आदी मला दे. मला काय झालं नाय तर बाकीच्यांना. मी नको बोलले. त्याच्यावरनं आठ दिस आमचं भांडान चाललंवतं. सकाळी मीच दिलं, ह्या हातानं. पडले ते. बाटली आजीकडं दिलेली. ती आनाय गेले असते तर ह्यांना कोन उचलनार? ओरडून सांगितलं असतं तर खाली बातमी गेली असती, गाडी आली असती. वरच्या वाडीतली बाय गाडीत बसून गेली ती आलीच नाय, घरच्यांना तोंड पन बघाय मिळालं नाय. म्हनून मी बूच घेतलं. बूच नाय तर माप नाय. माप नाय तर कोन घेनार नाय."

मी तिच्यासमोर मूर्खासारखा उभा होतो. आदल्या दिवशी मी जिला धमकावले होते, तिने दहा-बारा घरांचे जीव पदराला बांधून आणले होते, आणि मी तेच पुरावा म्हणून सील केले होते. माफी मागायची सवय आमच्या खात्यात नाही. मी चहा सांगितला. ती म्हणाली, "चाय नको. मामंजींना बघू द्या."

डॉक्टरांनी नंतर मला स्वच्छ सांगितले की जनावराच्या औषधाने करोना बरा होत नाही, पहिली बाटली निभावली ते नशीब. म्हाताऱ्याला तर करोना नव्हताच. गाडीचा शब्द मी पाळला. आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांशी चार वेळा भांडून चाचण्या वाडीतच करून घेतल्या आणि तापाच्या तिघांना गावातल्या शाळेच्या वर्गात ठेवले. घरचे लोक खिडकीतून रोज बघू शकत होते. तिघेही चालत घरी गेले.

म्हाताऱ्याने तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. पहिला प्रश्न विचारला, "बाकीच्यांनी घेतलं नाय ना?" लेकीने तो प्रश्न दारात उभी राहून ऐकला. तिने फिर्याद द्यायची नाही असे मला सांगितले आणि व्हरांड्यात जाऊन भावजयीच्या शेजारी बसली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. संगणकातली फिर्याद मी स्वतः पुसली.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मी शेकडो चौकश्यांत पाहिले आहे आणि ते खरेच आहे. पण तो स्वतःचेच पाप लपवतो असे नाही. कधी तो दुसऱ्या कोणालातरी पाठीशी घालून उभा असतो, आणि आपण त्याच्यावर ओरडत असतो. हे कळायला मला नोकरीची शेवटची दोन वर्षे उजाडावी लागली.

पावसाच्या तोंडावर सून ठाण्यात आली. तोंडाला पदराऐवजी मास्क, मागे नवरा. ठाणे अंमलदाराला म्हणाली, माझा मुद्देमाल परत पाहिजे. त्याला काही कळेना. मी कपाटातून पाकीट काढले, सील तोडले आणि ते निळे बूच पावतीवर सही घेऊन तिच्या हातावर ठेवले. तिने ते पदराच्या टोकाला बांधले, गाठ ओढून पाहिली.

"आता शेळ्यांनाच हां," मी म्हटले.

"शेळ्यांनाच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वरून खाली पाहिले आणि पहिल्यांदाच हसली. "सायेब, तुमी जरा उतरलाव. साडेतीनच हाव आता."