बिरसी ते तेजपूर, फक्त दोन तास

मित्रांनो, आज दुपारी बाबा गेले.

सकाळी त्यांनी विचारलं, "धाकटा येऊन राहिला ना? किती वेळ लागते?" धाकटा भाऊ आसामात तेजपूरला नोकरीवर आहे. मी मोबाईलवर शोधलं. आमच्या गावाजवळचं बिरसी विमानतळ ते तेजपूर, विमानाने दोन तास. तेच मोठ्याने वाचून दाखवलं.

असं थेट विमानच नाही, हे मी बोललो नाही.

आमच्या गावावरून बिरसीची शिकाऊ विमानं दिवसभर फिरतात. प्रत्येक आवाजाला बाबा म्हणायचे, "पाय बरं, आला असन." मी दर वेळी अंगणात जाऊन आलो.

धाकटा अजून कोलकात्यात पुढच्या विमानाची वाट पाहतोय. आत्ता फोनवर रडत म्हणाला, "दादा, मले पोचायले उद्या होईन, हे तुनं बाबाले सांगतलं होतं ना?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?