पंधरा वजा नऊ पावलं

संगणकाला हात न लावता संगणक शिकवणारी बाई जगात एकच असावी, आणि ती माझी थोरली वहिनी आहे. मुलुंडच्या एका मराठी शाळेत ती तिसरीला गणित शिकवते. शाळेत संगणक एकच, तोही मोठ्या बाईंच्या खोलीत फुलाफुलांच्या कापडाखाली झोपलेला. वहिनीचं त्यावाचून काही अडत नाही. वर्गातल्या लाद्या हा तिचा पडदा आणि यंत्र ती स्वतः. मुलांनी बेरीज-वजाबाकीत हुकूम सोडायचा, "आठ वजा पाच पावलं पुढे, मग उजवीकडे वळा," की बाई चालू पडतात. उत्तर चुकलं तर बाई भिंतीवर. मी वीस वर्षं अंधेरीत कोडिंग करून पोट भरतोय, पण "तुम्ही नुसतं बसून करता हो भावजी," असं म्हणून तिने मला केव्हाच निकालात काढलंय.

हुकूम पाळण्यात ती भलतीच काटेकोर. एकदा कुणीतरी पावलांचा आकडाच न सांगता "पुढे चला" म्हटलं. बाई निघाल्या. वर्गाचं दार, व्हरांडा, पाण्याचे नळ ओलांडून थेट मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या आणि भिंतीवरच्या नकाशाला नाक लावून उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंनी विचारलं, "काय हवंय?" तर म्हणते, "मला थांबायला सांगितलेलं नाही." मागे अख्खी तिसरी उभी! घरीही तोच कारभार. माहेरी जाताना दादासाठी वरणभाताची कृती फ्रिजवर चिकटवून गेली, जर-तर सगळं घालून. भर मीटिंगमध्ये मला दादाचा फोन: "अरे, कुकरची शिट्टी होत नाहीये. हिने लिहिलंय, शिट्टी झाली नाही तर तुला फोन."

"गॅस पेटवलास का?"

"ते कुठे लिहिलंय?"

यंदा मात्र तिच्या या खेळाच्या तासावर गदा आली. संस्थेच्या मंडळींना तो शिष्यवृत्तीच्या सरावासाठी हवा होता. "एकदा बघा तरी," म्हणत वहिनीने त्यांना वर्गात बोलावलं आणि जाणकार म्हणून मला कोपऱ्यात बसवलं. आदल्या दिवसापासून तिला घास उतरत नव्हता. तरी हुकूम द्यायला तिने उभी केली कोण, तर वजाबाकी म्हटलं की डोळ्यांत पाणी येणारी एक दोन वेण्यांची मुलगी. मी मनात म्हटलं, लागली वाट. बाईंना चार पावलांवर थांबवायचं होतं. त्यापुढे अध्यक्षांची खुर्ची. मुलगी म्हणाली, "पंधरा वजा नऊ पावलं पुढे." वहिनी मोजून सहा पावलं चालली. सहावं अध्यक्षांच्या पायावर पडलं. ते कळवळले. मुलगी आधी बावरली, मग खुदकन हसली. "बाई, माझं चुकलं! नऊ नाही, अकरा. आता दोन पावलं मागे या ना!"

तास गेला तो गेलाच. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी समजूत काढायला गेलो तर वहिनी चहा गाळत होती. डोळे लाल, पण चेहरा खुशीत. "वजाबाकी चुकली आणि पोरगी हसली, भावजी! पाहिलंत ना? वर्षभर याच्यासाठीच तर चालले मी." मग तिनेच विचारलं, "तिसरीत तुमचं चुकलं की काय व्हायचं हो?"

"अंगठे धरून उभं करायचे," मी म्हणालो. हसून सांगायचं होतं, पण ते काही जमलं नाही.

वहिनीने माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.