बर्केटच्या कुरणातून वर जाणारी वाट

आईला पुरून आल्यावर गावच्या हॉलमध्ये सगळे चहा-सँडविच घेत होते, तेव्हा ॲव्हिस टॉल्सन मागच्या दारानं बाहेर पडली आणि पळत सुटली. अंगात काळा कोट, पायांत काळे बूट. आईच्या दुखण्यात वर्षानुवर्षं ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून होती. आता खुर्चीतून उठायला कुणाची आडकाठी नव्हती, तर पाय थांबायलाच तयार होईनात. चर्चच्या मागून, बर्केटच्या कुरणातून, भिंतीत बसवलेल्या दगडी पायऱ्या चढून ती थेट डोंगराच्या धारेवर पोचली. वर वारा असा काही होता, की आपण रडतोय हे तिला गाल गार पडल्यावर कळलं.

खाली आली तोवर पाहुणे पांगले होते. तिचा नवरा रोलंड एकटाच बशा पुसत होता.

"कुठे होतीस?"

"वर."

"बरं," तो म्हणाला. मग तिच्या पायांकडे बघून, "ते बूट दारात काढ तेवढे."

तेव्हा ती चाळिशीची होती. त्यानंतर तिचं बूड म्हणून कुठे टेकलं नाही. पोटाला धंदा मात्र बसण्याचाच. ती शाळेची बस चालवायची. वाड्यावस्त्यांवरची मुलं गोळा करत, दोन्हीकडच्या भिंतींना आरसे घासत, तेच रस्ते सकाळी आणि तेच दुपारी. बस उभी केली की ती घरात जाऊन बूट बदलायची आणि निघायची. हॅस्लबेक गावाला येणाऱ्या पाहुण्यांनी पबमध्ये विचारलं, की पळायला जायला इथे चांगलं काय आहे, तर पबवाला सरळ ॲव्हिसकडे बोट दाखवायचा. ती सांगायची, तीन वाटा आहेत. नदीकाठची सपाट, पण पाऊस झाला की घोट्याएवढं पाणी. रानातली सावलीची, मे महिन्यात निळ्या फुलांनी भरलेली. आणि तिसरी बर्केटच्या कुरणातून वर. तिथून खाली काळं तळं दिसतं, आणि हवा स्वच्छ असली तर लांब समुद्राची रेघ. "पण ती सांगत नाही मी कुणाला," असं म्हणून ती सगळी सांगून टाकायची.

वाट पूर्वापार सगळ्यांची होती, कुरण मात्र विल्फ बर्केटचं. कायदा ॲव्हिसच्या बाजूनं होता. विल्फ नव्हता. सत्तरीकडे झुकलेला, बायको गेलेला, मेंढ्यांखेरीज कुणाशी फारसं न बोलणारा म्हातारा. पण ॲव्हिस दिसली की त्याला कंठ फुटायचा.

"मेंढ्या गाभण आहेत, दिसत नाही?"

"कडेकडेनंच जातेय, विल्फ."

"कडेनं जा नाहीतर उडत जा. माणसानं चालावं. मागे काय बैल लागलाय तुझ्या?"

"तुम्ही लागलाय की!" ती न थांबता ओरडायची.

सात वर्षं हे असंच चाललं. मग दोन हजार एकचा फेब्रुवारी आला आणि लाळ्या-खुरकुताची साथ आली. आधी बातम्यांत, मग पलीकडच्या खोऱ्यात. एका सकाळी तिन्ही वाटांच्या तोंडाशी लाल अक्षरांच्या पाट्या लागल्या. वाटा बंद. फाटकांपुढे औषधात भिजवलेला पेंढा पसरलेला. उत्तरेकडून वारा आला की मारून जाळलेल्या जनावरांच्या केसांचा वास यायचा.

शेतावरच्या आयांनी मुलं घरातच ठेवली. बस रिकामी पळायला लागली, मग चार दिवसांनी तीही बंद झाली. ॲव्हिस घरात अडकली. कपाटं आवरली, परत आवरली. खिडकीशी उभी राहायची, दाराशी जायची, परत खिडकीशी. शेवटी जिना चढायला-उतरायला लागली. वर, खाली, वर, खाली.

"गालिचा झिजला की नवा तू आणायचा," रोलंड पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"मला इथे कोंडल्यासारखं होतंय, रोलंड."

"सगळ्यांनाच होतंय."

"तुला होतंय?"

त्यानं खरंच विचार केला. "नाही," तो म्हणाला.

डांबरी रस्त्यावर जायला बंदी नव्हती, म्हणून ती रस्त्यावर पळून बघायला लागली. दुकानवाल्या एडनाला तेही खपलं नाही. "लोकांची जनावरं मरतायत आणि हिला पळायचं सुचतंय," एडना तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पावांच्या फळीला म्हणाली. ॲव्हिसचे कान तापले. ती काही बोलणार, तेवढ्यात एडनाच पुढे म्हणाली, "एवढंच पळायचंय तर विल्फचं सामान तरी पोचव. गाडीवाला त्या फाटकाजवळ जायला तयार नाही. म्हातारा कालपासून नुसत्या बटाट्यांवर आहे."

विल्फनं स्वतःला शेतात बंद करून घेतलं होतं. कुणी आत नाही, आपण बाहेर नाही. ॲव्हिसनं पाव, दूध, चहा आणि त्याचा तंबाखू पाठीवरच्या पिशवीत भरला आणि निघाली. त्याच्या फाटकाशी एक पत्र्याची पेटी होती, त्यात सामान ठेवलं. वर अंगणात विल्फ उभा होता, जवळ कुत्रा. मध्ये अख्खं शेत.

"माझ्या कुरणातून न जाताही येता येतं तर तुला!" तो ओरडला.

"तंबाखू परत नेऊ का?"

"नेऊन तर बघ!"

रोजचा परिपाठ झाला. ती यायची, सामान ठेवायची आणि दोघं ओरडून बोलायची. ती जागच्या जागी पाय हलवत राहायची, त्यानं तो वैतागायचा. "उभी राहा की धड! तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते." कोकरं होऊ लागली तसा तो मोकळा होत गेला. कुठलीला जुळं झालं, कुठली अडली, सगळं सांगायचा. एकदा त्यानं डोंगराकडे हात करून सांगितलं, की वर कुंपण नाही, कधीच नव्हतं. मेंढी ज्या उतारावर वाढते तो तिचा. ती आपल्या कोकराला तो दाखवते, ते मोठं होऊन आपल्या कोकराला. "माझ्या आजोबांच्या मेंढ्यांपासून चालत आलंय ते. मी नाही शिकवलं त्यांना. त्यांनीच मला शिकवलंय, कुठवर माझं आणि कुठवर शेजाऱ्याचं."

एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्याच गोठ्यात रोग निघाला. विल्फच्या मेंढ्या ठणठणीत होत्या. पण भिंतीला भिंत लागून होती, आणि लागून असलेल्या शेतावरची जनावरंही मारायची असा सरकारी हुकूम होता.

त्या दिवशी विल्फ ओरडला नाही. अंगणातून निम्म्यापर्यंत खाली चालत आला. "उद्या येऊ नकोस," तो म्हणाला. "ते उद्या येणार आहेत."

"कोकरंसुद्धा?"

तो वळून वर गेला.

दुसऱ्या दिवशी ॲव्हिस गेली. फाटकाशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती, ट्रक होते, एक पोलीस होता. पोलीस भला माणूस होता. "इथे थांबता येणार नाही, बाई," तो म्हणाला. तिला थांबायचं नव्हतंच. पण घरी जाववेना. ती रस्त्यानं वळणापर्यंत गेली, परत फिरली. रस्त्याकडच्या छोट्या चॅपलपर्यंत गेली, परत फिरली. बंदुकीचा पहिला आवाज झाला तेव्हा ती दचकून जागीच खिळली, आणि थांबल्यावर ते जास्तच ऐकू यायला लागलं. मग ती थांबलीच नाही. विल्फच्या शेताच्या भिंतीकडेनं, वळण ते चॅपल, चॅपल ते वळण. पोलिसानं दोनदा हटकलं, नंतर सोडून दिलं. आवाज बंद झाले तेव्हा दुपार कलली होती, आणि तिच्या मोज्यांत रक्त होतं. रोलंड गाडी घेऊन आला, तिला आत बसवलं, आणि घरी परातीत गरम पाणी आणून तिच्या पायांशी ठेवलं.

उन्हाळ्यात पाट्या निघाल्या. लोक रानात गेले, नदीवर गेले. ॲव्हिसही नदीकाठानंच पळायची. बर्केटच्या फाटकाशी आलं की तिचं पाऊल अडायचं. आत गवत कमरेला लागलेलं, आणि वाऱ्याशिवाय काही हलत नव्हतं.

एक दिवस विल्फच तिच्या दारात उभा. दाढी वाढलेली, कोटाची बटणं उलटसुलट.

"माझी वाट चावते का तुला?"

"विल्फ, मला वाटलं तुम्हाला…"

"चरायला कुणी नाही. पायाखालीही गेली नाही तर वाट बुजेल." तो उंबऱ्यावरच घुटमळला. मग हातातल्या टोपीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होतो. खिडकीतून भिंतीच्या वर तुझं डोकं दिसत होतं. जात होतं, येत होतं. दिवसभर मी तेच बघत होतो. दुसरीकडे बघायचं नव्हतं मला."

ॲव्हिसनं दार सताड उघडलं. "आत या," ती म्हणाली. "चहा घ्या."

"बसवत नाही गं," विल्फ म्हणाला. "हल्ली कुठेच बसवत नाही."

"मग चला," असं म्हणून तिनं बूट घातले. त्या संध्याकाळी दोघं धारेपर्यंत गेली. ती पुढे पळायची, परत यायची, तो रबरी बुटांत काठी टेकत चढायचा. तोंडानं चालूच: "ह्याला पळणं म्हणतात? कुत्र्यासारखी येरझाऱ्या घालतेय नुसती."

पुढच्या वसंतात विल्फनं नव्या मेंढ्या आणल्या. लांबच्या डोंगरावरच्या. त्यांना इथलं काहीच ठाऊक नव्हतं. वर सोडल्या की त्या पाणी ओतावं तशा पसरायच्या, धार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायच्या. कुणीतरी रोज वर जाऊन त्यांना परतवायला हवं होतं, आणि विल्फचे गुडघे दिवसातून एकदाच वर जायचे.

"मी बघते," ॲव्हिस म्हणाली.

"तुला मेंढी हाकता येते?"

"शाळेची बस चालवते मी."

मग शाळा सुरू होण्याआधी आणि सुटल्यावर ती धारेवर असायची. विल्फचा कुत्रा बरोबर. सुरुवातीला तो हिचं काही ऐकेना, आणि मेंढ्या दोघांचंही ऐकेनात. ती एकीला परतवायची तोवर तिघी निसटायच्या. पाऊस, धुकं, गारा. घरी आली की रोलंड सूप पुढे करायचा आणि विचारायचा, "आज कोण जिंकलं?" बहुतेक वेळा मेंढ्याच.

दुसऱ्या वर्षी त्यांना तिथेच कोकरं झाली. तिसऱ्या वर्षी काही कोकरं आपणहून धारेच्या अलीकडे थांबू लागली. विल्फनं ते दुर्बिणीतून पाहिलं आणि दुर्बीण बराच वेळ डोळ्यांना तशीच लावून ठेवली. त्या हिवाळ्यात त्यानं शेत भाच्याच्या हाती दिलं आणि गावात खाली राहायला आला.

"आता काय, सुटलीस तू," एडना दुकानात म्हणाली. "आता मेंढ्या आपापल्या राहतील. बस जरा घरी."

ॲव्हिसलाही तसं वाटलं होतं. वाटलं होतं, एकदा हे मार्गी लागलं की आतलं ते भिरभिरणं निवेल. त्या रविवारी ती खरंच बसली. रोलंडनं शेगडी पेटवली होती, रेडिओ लावला होता. तिनं चहा अर्धा प्याला, कप ठेवला, उचलला, परत ठेवला. रोलंडनं पेपराआडून बघितलं आणि पायानंच तिचे बूट तिच्याकडे सरकवले.

वर धुकं उतरत होतं. एक वर्षाची एक काळतोंडी मेंढी कळप सोडून धारेच्या पार टोकाशी उभी होती, पलीकडे तोंड करून. ॲव्हिस धापा टाकत वळसा घालून तिच्या पुढे गेली आणि हात पसरून उभी राहिली. मेंढीनं तिच्याकडे पाहिलं, चार पावलं माघारी आली, थांबली आणि पुन्हा पलीकडे बघू लागली.

ॲव्हिसनं पसरलेले हात खाली घेतले. "जा," ती म्हणाली, आणि मेंढी पलीकडे सुटली तशी तिच्यामागे पळाली.