बेडरूममधला कॅनडा

कॅनडातल्या एका बर्फाळ तालुक्यात ताईच्या कुटुंबाने कायमचं राहायला जावं की नाही, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी नववीतच शाळा सोडलेला माणूस.

दाजी इथे सिंगापुरात बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. उद्या जहाजं थांबली तर सिंगापूर खाणार काय, या काळजीने त्यांना जेवण जात नाही. (चौथ्या पोळीनंतर.) "तिकडे विहीर, सरपण, दहा एकर जमीन. आपलं आपण पिकवायचं," ते म्हणाले. "थंडीचं तेवढं सुरेश सांगेल. तो शीतगृहात असतो."

मी तुआसच्या कारखान्यांच्या भागात शीतगृहाच्या भिंती बसवतो. यंत्र सुरू होऊन थंडी पडायच्या आत आम्ही घामाघूम होऊन पुढच्या साइटवर गेलेलो असतो. पण नोकरी दाजींनीच लावून दिलेली. त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय माझी काळजी वेगळीच होती. दर रविवारी मी क्लेमेंटीत त्यांच्या फ्लॅटवर जेवतो. ते गेले की सिंगापुरात माझं म्हणायला डॉर्मिटरीतला एक पलंग उरणार होता.

"आधी तालीम करून बघू," मी म्हटलं. (तेवढाच एक रविवार वाढला.)

बेडरूम म्हणजे कॅनडा. एसी सोळावर. वीज गेली असं समजून फ्रिज आणि दिवे बंद. एसी तेवढा चालू, कारण आमची थंडी विजेवरच होती. मोह नको म्हणून दाजींनी रिमोट आणि सगळ्यांचे फोन हॉलमध्ये ठेवले. आत आम्ही चौघं: दाजी, ताई, शाळकरी भाची सई आणि ताईची शाल पांघरलेला मी.

"दाराच्या फटीतून थंडी बाहेर जातेय," दाजी म्हणाले.

हा मात्र माझा विषय. पिशवीत कामावरचा फोमचा डबा होता. फटीत मारला की फुगतो आणि दगड होतो. चारी बाजूंनी असा मारला की दाजी म्हणाले, "याला म्हणतात अनुभव."

तासाभराने ताई उठली. "चला, थालीपिठं लावते."

"भाजणी कुठाय?" दाजींनी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

दार हललं नाही. दाजींनी खांदा लावला, मी लाथ.

"सुऱ्या, तुम्ही शीतगृहातून बाहेर कसे येता रे?"

"तिथं बाहेर उभं राहून फोम मारतो, ताई."

"मामा, नाऊ वी आर द फ्रोझन फिश ला," सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

शेवटी ताईने कॉरिडॉरकडची खिडकी उघडून शेजारच्या चिनी आंटीला हाक मारली. आंटीने आधी गजांतून गरम सूप दिलं. मग ताईने तिच्याकडे ठेवायला दिलेल्या किल्लीने आंटी घरात आली आणि तिने अर्धा तास भाजीच्या सुरीने फोम कापला. एक प्रश्न विचारला नाही.

बाहेर आल्यावर दाजींनी सईला विचारलं, "तिथं सगळ्यात जवळचं घर किती लांब गं?"

सईने फोनमध्ये बघितलं. "नाइन किलोमीटर्स, बाबा."

सुपाचं भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून ताईने थालीपिठं लावून त्यात चार घातली आणि ती आंटीकडे गेली. दाजींनी वही उघडून 'बेत रद्द' असं लिहिलं.

माझा जीव भांड्यात पडला. हळूच मागून डोकावलो. शेजारच्या पानावर त्या तालुक्यातल्या धोक्यांची यादी होती, तारीख महिन्यापूर्वीची. दोन नंबरला अस्वल. एक नंबरला मेहुणा.

मला भरून आलं. म्हणजे ते मला बरोबर नेणार होते!