कापलेला चार

"मॅडम, तुमचा तो ढोकरू बंद करा. माह्या पोरीनं आज तिसरं ताट फेकलं."

सोमवारी सकाळी साडेदहाला हा फोन आला, तेव्हा मी एका लग्नातल्या हळदीचा भाग एडिट करत होते. हेडफोन काढले आणि आधी नाव विचारलं.

बाईंचं नाव रेखा. तुमसरच्या. नवरा राइस मिलमध्ये कामाला. मुलगी जान्हवी, अकरा वर्षांची, ऑटिस्टिक. चॅनेलच्या ऑफिसातून त्यांना माझा नंबर मिळाला होता.

"रागाचा भाग लागला की गुमान पाहत बसते जी. अन् मंग एकदम भडकते. शाळेतबी खिचडीचं ताट फेकलं तिनं. हेडसर म्हणते, शांत होईस्तोवर घरीच ठेवा. तुमी पोराईले राग कायले शिकवता?"

मी म्हटलं, "तपासते. दोन दिवस द्या."

मी भंडाऱ्यात अठरा वर्षांपासून व्हिडिओ एडिटर आहे. कामं जास्त करून लग्नाची. त्याशिवाय इथल्या एका केबल चॅनेलवर दर रविवारी लहान मुलांचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम लागतो, नंतर तो मोबाइलवरही पाहता येतो. त्याचं एडिटिंग माझ्याकडे. कार्यक्रम बाहुल्यांचा. त्यातला नायक ढोकरू. बोडीच्या, लहान तळ्याच्या काठाला चिखलात तासन् तास उभी राहणारी ढोकरी, म्हणजे छोटा तपकिरी बगळा, आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली असते, तीच कापडाची. ती शिवली एका निवृत्त गुरुजींनी, आवाजही त्यांचाच. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केलेला माणूस. दर भागात एक भावना घ्यायची अशी कार्यक्रमाची रीत आहे. भीती, लाज, हेवा वगैरे. सातवा भाग रागाचा.

त्यात ढोकरूची मासोळी दुसराच कोणी पळवतो. ढोकरू भडकतो, पंख आपटतो, आभाळ गडगडतं. मग तो एक पाय वर घेतो, पाचपर्यंत मोजतो, पाय खाली ठेवतो आणि मगच बोलतो, "मले राग आला. माही मासोळी दे." गोष्ट एवढीच.

दुपारी चॅनेलच्या ऑफिसात गेले. मालक हटवारसाहेब. त्यांना सांगितलं.

"भाग काढून टाका, विषय खतम," ते म्हणाले.

"साहेब, सगळ्यात जास्त पाहिला गेलेला भाग आहे तो."

"म्हणूनच. उद्या दुसरी बाई फोन करन, परवा तिसरी. पोरं ढोकरू पाहून ताटं फेकून राहिले, असं एकदा गावात झालं की झालं."

काढणं सोपं होतं. पाच मिनिटांचं काम. पण माझ्या कामात कुठे बिघाड आहे हे कळल्याशिवाय तो भाग फेकून द्यायला मन तयार होईना. मी म्हटलं, "आधी बघून येते."

"काय बघाचं त्याच्यात?"

"मुलगी नेमकी कोणत्या सेकंदाला भडकते ते."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रविवारी त्याचा रिपीट आहे. शुक्रवारपर्यंत दुरुस्त नाही झाला तं मी काढतो."

मंगळवारी लॅपटॉप घेऊन एसटीनं तुमसरला गेले. रेखाबाईंच्या घरी नंदेश्वर मॅडमही आल्या होत्या. त्या विशेष शिक्षिका. तालुक्यातल्या शाळांत फिरून अशा मुलांसोबत काम करतात. मला ऑटिझमबद्दल फार माहीत नव्हतं, तसं मी सरळ सांगितलं.

त्या म्हणाल्या, "आजार नाही तो. जग समजून घ्यायची रीत वेगळी असते. समोरच्याचा चेहरा क्षणात बदलतो, आवाज बदलतो, त्यातून राग कोणता अन् थट्टा कोणती हे आपल्याला आपोआप कळतं. जान्हवीला ते एकेक करून शिकावं लागतं. अन् स्वतःच्या पोटात काय होऊन राहिलं त्याला नाव देणं, हे त्याहून कठीण."

"मग टीव्हीनं त्रास वाढत असेल?"

"उलट. काही मुलांना टीव्हीच बरा पडतो. ढोकरू दर वेळी तसाच रागावतो. थांबवता येतो, परत लावता येतो. घाई करत नाही, ओरडत नाही. सगळ्याच मुलांना चालेल असं मी म्हणणार नाही. पण हिला चालावा, असं मला वाटत होतं. मीच तर लावून दिला होता."

जान्हवी दाराशी उभी होती. दोन वेण्या, शाळेचाच ड्रेस घातलेला. शाळेत जाणं बंद असलं तरी ड्रेस रोज घालते, असं रेखाबाई म्हणाल्या. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाग सात."

मी भाग सात लावला आणि पडदा सोडून तिच्याकडे बघत बसले. आमच्या धंद्यात हे कोणी करत नाही. आम्ही पडद्याकडे बघतो, बघणाऱ्याकडे नाही.

माझा संशय गडगडाटावर होता. तो आवाज मी मुद्दाम मोठा ठेवला होता. पण गडगडाट यायच्या दोन सेकंद आधीच जान्हवीनं कानांवर हात ठेवले. कधी येणार ते तिला पाठ होतं. आवाज संपला, हात खाली आले. चेहरा शांत.

मग ती उठून उभी राहिली. ढोकरूनं पाय वर घेतला. तिनंही घेतला.

"एक," ढोकरू म्हणाला. "एक," ती म्हणाली. "दोन." "दोन." "तीन." "तीन."

"पाच," ढोकरू म्हणाला आणि पाय खाली ठेवून पुढचं बोलायला लागला.

जान्हवीचा पाय वरच राहिला. ती डुलत होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. "चार," ती म्हणाली. पडद्यावर मासोळी परत मिळाली होती. "चार!" ती ओरडली. "चार! चार!" जवळचा स्टीलचा गिलास उचलला आणि भिरकावला. तो माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला.

"पाहा," रेखाबाई म्हणाल्या. "अस्संच करते."

मला सगळं आठवलं होतं.

आवाज रेकॉर्ड करताना गुरुजींच्या 'चार'वर बाहेरून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला होता. दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग करायचा मला कंटाळा आला. मी तेवढा तुकडा कापला आणि सांध्यावर मासोळीचा जवळून घेतलेला शॉट टाकला. याला आम्ही कट झाकणं म्हणतो. बघणाऱ्याचं लक्ष चित्राकडे जातं, सांधा कळत नाही. भाग टाइट झाला, म्हणजे कुठे रेंगाळला नाही, म्हणून मी खूशही होते. साहेबांनी पाहिला, गुरुजींनी पाहिला, शेकडो घरांत लागला. एकाही माणसानं पकडलं नाही.

"चूक तिची नाही," मी म्हटलं. "माझी आहे. मी चार कापला."

"म्हंजे?" रेखाबाईंना कळेना.

मी परत लावून दाखवलं. एक, दोन, तीन, पाच. नंदेश्वर मॅडमनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे ही राग शिकून नव्हती राहिली. राग आवरायला शिकून राहिली होती! पाय खाली ठेवायचा तर पाच पाहिजे, अन् पाचच्या आधी चार. तो येतच नाही. शाळेतही तेच झालं असणार. तिथंच अडकली असणार."

रेखाबाई खाली बसल्या. गिलास उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मी काल मारलं जी तिले. दोन रट्टे देल्ले."

जान्हवी भिंतीकडे तोंड करून अजून चार, चार म्हणत होती. नंदेश्वर मॅडम तिच्याजवळ गेल्या, हळूच "पाच" म्हणाल्या. तिनं मान हलवली. मॅडमचा पाच चालत नव्हता. ढोकरूचाच पाहिजे होता.

आता दुरुस्ती. माझ्याकडे मूळ रेकॉर्डिंग होतं, पण त्यात चारवर हॉर्न बसलेला. आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. हॉर्न गेला, पण चारही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. आधीच्या भागांत कुठे चार सापडतो का शोधलं. एका भागात 'चारा' होता. तो कापून लावला. ऐकला आणि स्वतःच पुसला. जी मुलगी कापलेला चार पकडते, ती चोरलेला चारही पकडणार.

गुरुजी गोसीखुर्द धरणाजवळच्या एका पुनर्वसनाच्या गावात राहतात. बुधवारी स्कूटीवर रेकॉर्डर टाकून तिकडे गेले.

"एका आकड्यासाठी येवढ्या दूर आल्या?" गुरुजी हसले. "फोनवर सांगतलं असतं."

"फोनवर आवाज वेगळा येतो, गुरुजी."

खोलीची दारं-खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. गुरुजींनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "चार!"

नाटकातला राजा बोलल्यासारखा चार. मी म्हटलं, "थोडा हळू."

"चार."

"आता वाण्याकडे पोती मोजल्यासारखा झाला."

"चाऽर."

"गुरुजी, मला तीनच्या पुढचा चार पाहिजे. राग थोडा उतरला आहे, पण पूर्ण गेला नाही, असा."

"चार तं चारच रायते ना, बाई!" गुरुजी वैतागले. घामानं सदरा भिजला होता. "कोनाले एवढा बारीक फरक कळते?"

मग मी त्यांना जान्हवीची गोष्ट सांगितली. पाय वर राहिला तेही सांगितलं. गुरुजी उठले, पेटीतून ढोकरू काढला, हातात घातला. फक्त आवाज घ्यायचा होता, बाहुलीची गरज नव्हती. तरी त्यांनी घातला. दुसऱ्या हातानं दाराची चौकट धरली आणि सत्तरीतला तो माणूस एका पायावर उभा राहिला.

"एक. दोन. तीन. चार. पाच."

पाय हळूच खाली आला. मी रेकॉर्डर बंद केला. दुसरा टेक घेतला नाही.

चित्राची अडचण नव्हती, ते मूळ शॉटमध्ये होतंच. मी मासोळी काढली, ढोकरू पूर्ण दिसेल असा शॉट ठेवला, एकापासून पाचापर्यंत एकही कट नाही. नवं मोजणं लावलं. प्रत्येक आकड्यानंतर श्वास घेता येईल एवढी जागा सोडली. गडगडाट अर्ध्यावर आणला.

गुरुवारी हटवारसाहेबांना दाखवला.

"हे बारा-तेरा सेकंद काय होऊन राहिलं? बगळा नुसता उभा आहे."

"राग उतरायला वेळ लागतो, साहेब."

"माह्या घरी दोन दिवस लागते. ते का टीव्हीवर दाखवू? लोक चॅनेल बदलतील."

"ज्यांना मोजायचं आहे, ते थांबतील."

"अन् गडगडाट काहून कमी केला? मजा तिथंच होती."

"मजा कमी झाली असेल. पण जिच्यासाठी भाग दुरुस्त केला, तिला कानांवर हात ठेवावे लागत होते."

साहेबांनी परत एकदा पाहिला. दुसऱ्यांदा बघताना त्यांचा उजवा अंगठा बोटांवरून सरकत होता, हे मी पाहिलं. पाचला ते म्हणाले, "ठीक आहे. पण तक्रार आली तं तुमचं नाव सांगीन."

"सांगा."

शुक्रवारी परत तुमसर. या वेळी रेखाबाईंनी आधीच सगळी भांडी आत नेऊन ठेवली होती. खोलीत लॅपटॉप, सतरंजी आणि आम्ही चौघी.

जान्हवी पाय वर घेऊन उभी राहिली. एक. दोन. तीन. मी तिच्या वर घेतलेल्या पायाकडे बघत होते.

"चार," ढोकरू म्हणाला.

"चार," जान्हवी म्हणाली. आवाजात काही फरक नाही. जणू तो तिथे असायलाच हवा होता. "पाच." पाय खाली. "मले राग आला. माही मासोळी दे," ती ढोकरूसोबत म्हणाली आणि खाली बसली.

मला वाटलं, आता हसेल, टाळ्या वाजवेल. ती म्हणाली, "परत."

आम्ही सहा वेळा पाहिला. सहाव्यांदा संपल्यावर ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "गडगड लहान केला."

"पहिल्यासारखा पाहिजे?" मी विचारलं.

"नाही."

अठरा वर्षांत माझ्या कामाची एवढी अचूक तपासणी कोणी केली नाही.

झालं, असं मला वाटलं. नंदेश्वर मॅडम म्हणाल्या, "आता तर सुरुवात आहे. टीव्हीसमोर मोजणं वेगळं, कोणी वेणी ओढली तेव्हा मोजणं वेगळं." त्यांच्या सांगण्यावरून मी भागातून ढोकरूची पाच चित्रं काढून प्रिंट केली, लॅमिनेट करून दिली. एक पट्टी घरी भिंतीवर लागली, एक दप्तरात गेली. रेखाबाई रोज तिच्यासोबत एका पायावर उभ्या राहू लागल्या. सुरुवातीला त्याच पडायच्या, असं त्यांनीच फोनवर सांगितलं.

महिन्याभरानं जान्हवी शाळेत जाऊ लागली. एके दिवशी दुपारी खिचडीच्या रांगेत एका मुलीनं तिचं ताट ओढलं. जान्हवीनं पाय वर घेतला. तीनपर्यंत पोचली आणि मागून धक्का लागला. तिनं पुन्हा एकपासून सुरू केलं. रांग थांबली, खिचडी वाढणारी बाई डाव हातात धरून थांबली. पाचला पाय खाली आला आणि ती म्हणाली, "मले राग आला. माहं ताट दे." मुलीनं ताट दिलं.

"मले राग आला, असं ते अगोदर कधीच नाई बोलली जी," रेखाबाई सांगत होत्या. "आमाले ताट फेकल्यावर समजे."

रोजच असं जमत नाही. एकदा तुमसरच्या बसस्टँडवर गाड्यांच्या हॉर्नमध्ये तिचं मोजणं चार-पाच वेळा तुटलं आणि ती अर्धा तास फरशीवर बसून राहिली. रेखाबाई शेजारी बसल्या. दोन गाड्या गेल्या, तिसरीनं घरी गेल्या. पण त्या दिवशी कोणी मारलं नाही आणि तिनं काही फेकलं नाही.

रविवारचा रिपीट ठरल्या वेळेला लागला होता. ढोकरू लांबला म्हणून कोणाचाही फोन आला नाही. साहेब आता पाहुण्यांना सांगतात की आमच्या चॅनेलमुळे मुलांचा राग बरा होतो. मी त्यांना दर वेळी दुरुस्त करते. राग बरा होत नाही, तो मोजता येतो, आणि तेही शेजारी कोणी मोजणारं असेल तर.

माझ्याकडे एडिटिंग शिकायला येणाऱ्यांना मी एकच नियम घालून दिला आहे. मुलांच्या कार्यक्रमात पायऱ्या दाखवल्या असतील तर त्यातली एकही कापायची नाही. वेळ कमी पडत असेल तर गाणं कापा. गाणं कापलं म्हणून अजून तरी कोणी गिलास फेकलेला नाही.