पवन्या आणि इंदूबाईची वांगी

इंदूबाईचा नवरा पंजाबराव विहिरी खोदायचा. घाटंजीपलीकडच्या तांड्यात त्यानं धावजी बंजाऱ्याची विहीर खोदली, तिला चांगलं पाणी लागलं, आणि धावजीनं खूश होऊन मजुरीच्या वर एक कुत्र्याचं पिल्लू दिलं. शिकारी जातीचं. पांढुरकं, लांब तंगड्यांचं, पोट पाठीला लागलेलं. पंजाबरावनं ते झोळीत घालून घरी आणलं, पवन्या असं नाव ठेवलं, दोन दिवस लाड केले आणि तिसऱ्या दिवशी राळेगावकडं नव्या विहिरीवर निघून गेला. कुत्रं पडलं इंदूबाईच्या गळ्यात. पुरुषाचं काय जाते हो! आणायला त्याचे दोन हात, सांभाळायला बायकोचे.

वर्षभरात पवन्या तिच्या मांडीएवढा उंच झाला आणि तिच्या नाकी नऊ आले. साधं गावठी कुत्रं असतं तर शिळी भाकर खाऊन उंबऱ्यात पडून राह्यलं असतं. याला डोकं होतं आणि त्या डोक्याला काम नव्हतं. दाराची कडी नाकानं कशी उचलायची हे तो दोनदा पाहून शिकला. तिनं कडीत खुंटी अडकवली, तर हा खुंटी दातानं काढून बाजूला ठेवायचा, मग कडी उचलायचा. बाजेची दोरी त्यानं कुरतडली, चुलीमागं खड्डा केला, सासऱ्याच्या तीन चपला खाल्ल्या, त्याही तिन्ही उजव्या. पंजाबराव पंधरवड्यातून एकदा यायचा, तूच लाडावून ठेवलं त्याले, असं ऐकवायचा आणि परत जायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागते!

शेवटी ती तांड्यात धावजीच्या बायकोकडं, हंसाबाईकडं गेली आणि तिच्यापुढं सगळं गाऱ्हाणं मांडलं. हंसाबाई पोट धरून हसली. मग म्हणाली, "पळू दे त्याले, बाई. न पळलेलं कुत्रं घर खाते."

दिवस कापूस वेचायचे होते. इंदूबाई रोज पहाटे कामाला निघताना त्याला सोबत न्यायला लागली. शिवारात सोडलं की पवन्या असा सुटायचा की नुसती धूळ दिसायची. घर वाचलं, चपला वाचल्या. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला, तोवर आगीतून निघून फुफाट्यात पडली. पवन्या ससे आणायला लागला.

दुसऱ्या घरी लोकांनी मिटक्या मारल्या असत्या. हे घर गोविंदाचं होतं. गोविंदा म्हणजे इंदूबाईचा सासरा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, वंदना तोंडपाठ करून आला, आणि तेव्हापासून दर पौर्णिमेला वस्तीतली पंधरावीस घरं त्याच्याच अंगणात बसून पंचशील घेत. त्यातलं पहिलंच शील, जीव मारणार नाही. अन् त्याच्याच दारात एक दिवसाआड मेलेला ससा, नीट लांब करून ठेवलेला, आणि बाजूला शेपूट हलवत हा शहाणा!

पहिला ससा म्हाताऱ्यानं पुरला. दुसरा पुरताना खोकला. तिसऱ्या वेळी त्यानं सुनेला समोर बसवलं.

"आपण नवा रस्ता धरला, इंदू. लोकं आपल्या दाराकडं पाहून राह्यले. माघाच्या पौर्णिमेपर्यंत पुन्हा मेलेला जीव दारात दिसला, तर कुत्रं तांड्यात वापस."

तिला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. गेली ब्याद! पण दुसऱ्या दिवशी कापूस वेचता वेचता तिचे डोळे गळायला लागले आणि तिचा तिलाच राग आला. जन्मभर तिनं सगळ्यांची वाट पाहिली होती. मायची, नवऱ्याची, पाण्याच्या पाळीची. तिची वाट पाहणारा हा एकच होता. शिवार पालथं घालून झालं की बांधावर येऊन बसायचा आणि ती कापसाची ओटी बांधून उठेपर्यंत तिच्यावरून नजर काढायचा नाही. हे कुत्रं द्यायचं नाही, असं तिनं त्या तासात ठरवलं.

पौर्णिमेला बावीस दिवस होते. ससे काही थांबले नाहीत. पवन्या आता ते बांधावरच तिच्यापुढं ठेवायचा. ती ससा ओटीतल्या कापसाखाली लपवायची, वाट वाकडी करून हंसाबाईला नेऊन द्यायची आणि घरी येऊन सासऱ्याला सांगायची, आज कुठंच नाही गेला जी, बांधावर झोपून होता. पाचातलं चौथं शील, खोटं बोलणार नाही. तेही तिनं त्याच अंगणात हात जोडून घेतलं होतं.

मग त्याला दात न लावता धरायला शिकवायचं, म्हणून तिला वांग्याचं सुचलं. वांग्याची साल तुकतुकीत, दात लागला की लगेच दिसतो. परसात दोन वाफे लागलेले होते. संध्याकाळी कामावरून आली की ती वांगं फेकायची, पवन्या ते हवेतल्या हवेत धरून आणायचा. दात उमटला की पाठ फिरवायची. नाही उमटला की भाकर द्यायची. पहिल्या दिवशी सात वांग्यांची चाळण झाली. ती वांगी टाकते कोण? चिरून भाजी केली. आठ दिवस वांगी झाली तेव्हा पोरगी प्रभा ताटावरून उठून गेली. इंदूबाई कुत्र्यावर चिडायची, पोरीवर चिडायची, राळेगावला बसलेल्या नवऱ्यावर तर पोटभर चिडायची आणि पुन्हा वांगं फेकायची. चौदाव्या दिवशी पवन्यानं वांगं आणून तिच्या हातात ठेवलं. तिनं ते फिरवून फिरवून पाहिलं. एक ओरखडा नव्हता. त्यानंतर ससे बंद झाले. सुटले असतील की धरून सोडले असतील, तिनं विचारलं नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी तिनं पवन्याला मागच्या दारी दुहेरी दोरानं बांधलं. अंगण भरलं. मेणबत्त्या लागल्या, गोविंदा पुढं बसला, शीलं सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं, कुणी दिलं नाही ते घेणार नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी हुंकारलं. तिनं वळून पाहिलं. गळ्यात तुटका दोर, तोंडात काहीतरी लोंबतंय, पंख लोंबतायत, आणि पवन्या माणसांच्या रांगेतून सरळ तिच्याकडं येत होता.

तिनं डोळे मिटले. गेलं कुत्रं, असं तिला झालं. मांडीवर ऊन ऊन ओझं पडलं.

ओझं ओरडलं. तांबडी कोंबडी पंख फडफडवत उठली, दोन म्हाताऱ्यांच्या मधून पळाली आणि दाराशी बसलेल्या शेजारच्या मथुराबाईच्या पदरात शिरली. कोंबडी तिचीच होती. मथुराबाई शीलाचा शब्द अर्धा सोडून कोंबडीकडं पाहत राह्यली. पवन्या इंदूबाईसमोर बसला, मान वर केली आणि भाकरीची वाट पाहायला लागला.

गोविंदानं डोळे उघडले नाहीत. पाचही शीलं पुरी केली. लोकं हसू दाबत उठले तेव्हा त्यानं मथुराबाईकडून कोंबडी मागून घेतली, दिव्याजवळ नेली आणि पिसं फुंकून फुंकून पाहिली. दात कुठंच लागला नव्हता.

इंदूबाईला राहवलं नाही. "मामाजी, मधले ससे मी लपवले. तुमच्याशी खोटं बोलली."

"मले माहीत हाय. तुह्या ओटीतल्या कापसावर रगत दिसे. मी पाह्यलंच नाही, असं दाखवलं. चौथं दोघायचंबी गेलं." त्यानं कोंबडी मथुराबाईला परत दिली. "अन् यानं पाहा. पयलं शील आलं त्याले. दुसरं राह्यलं."

"म्हंजे आता तेबी मीच शिकवू काय? वांगी खाऊन खाऊन माही पोरगी वैतागली, मामाजी. याले पाच शिकवता शिकवता मी मरून जाईन."

म्हातारा खाली बसला, आपल्या भाकरीचा चतकोर तोडून त्यानं पवन्यापुढं धरला.

"शिकव. त्याच्यासंगं आपलेबी पाठ होतील."